शंभर मीटरच्या आतलं घर

डोणगावात कुणाला घर बांधायचं असलं, की अडचणी ठरलेल्या असतात. पैसा, वाळू आणि भावाभावांतली वाटणी. आमचं गाव नागपूर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं, मेहकर तालुक्यातलं, बाजारपेठेचं. तीस वर्षं मी सरकारी बांधकामांवर अभियंता म्हणून काम केलं आणि निवृत्त होऊन गावी आलो. तेव्हापासून गावातली बरीच घरं आधी माझ्या ओट्यावर कागदावर उतरतात, मग जमिनीवर. पण इतिहास आडवा आला म्हणून घर राहिलं, अशी तक्रार मला गावात कुणी सांगितली नव्हती. ती ऐकायला मला लोणारला जावं लागलं, आणि ती सांगणारी माझी सख्खी धाकटी बहीण होती. त्या प्रकरणात एक मोठी चूक माझी स्वतःची होती, हे आधीच सांगून टाकतो.

लोणार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं सरोवर येतं. आकाशातून आलेल्या उल्केच्या आघातानं काळ्या पाषाणात पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि तळाशी खारं पाणी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९७९ साली त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटलं. २००० साली ते अभयारण्य झालं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरनंतर राज्यातलं दुसरं रामसर स्थळ. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा सगळा देश लोणारकडे बघत होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग.

पण सरोवर म्हणजे सगळं लोणार नव्हे. दुसरं लोणार म्हणजे तिथली देवळं, बारवा आणि त्यांना बिलगून वसलेली माणसं. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर, गोमुखाची धार, लिंबी बारव, खाली तळ्याकाठची कमळजादेवी, थोडं दूर अंबर तळ्याजवळचा निजलेला मोठा मारुती. यांतली काही ठिकाणं निर्जन आहेत, काही मात्र भर वस्तीत. तिथं एका बाजूला आठशे वर्षांपूर्वीचा कोरीव दगड असतो आणि समोरच्या भिंतीवर वाळत घातलेल्या गोधड्या. मला हे दृश्य आवडतं. पुष्कळ पर्यटकांना आवडत नाही, असं त्यांच्या बोलण्यावरून दिसतं.

माझ्या बहिणीचं घर अशाच एका संरक्षित मंदिराच्या मागच्या आळीत आहे. धाब्याचं घर. ज्यांनी असं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या फळकुटांचं किलचन, त्यावर लिंबाचा पाला आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात या घरात पंखा लावावा लागत नाही. पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकावी लागते, आणि जुनी काढायची आठवण कुणालाच राहत नाही. पंचवीस चौरस मीटरच्या धाब्यावर वर्षानुवर्षांत दहा सेंटिमीटर जास्तीची माती साठली, तर ते वजन सव्वाचार टनांच्या घरात जातं. पाऊस मुरला की आणखी वाढतं. खालच्या कड्या वाळवीनं खाल्लेल्या, भिंतीच्या पायात ओल. मातीची घरं पावसाळ्यात बसतात, ती अशी.

बहिणीच्या दोन्ही मुलांची लग्नं झाली, माणसं वाढली. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागाच्या यादीत थोरल्याचं नाव आलं. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्यानं मिळत होते. आळीतल्या आणखी तीन घरांची नावंही यादीत होती. चौघांनी ठरवलं, की एकाच मिस्त्रीला काम द्यायचं, एकदम माल आणायचा आणि चारही घरं लागून बांधायची, खाली दोन खोल्या, वर एक. हिशेब चोख होता. मीच करून दिला होता.

विरोध झाला तो आळीतूनच. तिथं एक निवृत्त गुरुजी राहतात. येणाऱ्याजाणाऱ्याला देवळं दाखवतात, पैसे घेत नाहीत. त्यांनी मंदिराच्या पारावर चौघांना बोलावलं. मीही होतो. ते म्हणाले, "बाबांनो, चार दुमजली घरं झाली की गल्लीच्या तोंडावरून देऊळ दिसनार नाही. मंग लोक पाहाले काय येतीन, तुमच्या पान्याच्या टाक्या?" यावर थोरला भाचा म्हणाला, "गुरुजी, देऊळ आठशे वर्षांपासून उभं हाये, ते उभंच राहीन. आमचं घर या पावसाळ्यात राहीन का नाही, ते सांगा." दोघंही खोटं बोलत नव्हते. बैठक तशीच उठली.

मी घरी येऊन कायदा वाचला. निदान वाचला असं मला वाटलं. तो काय आहे ते आता नीट सांगतो, कारण संरक्षित स्मारकाजवळ राहणाऱ्या हजारो माणसांना तो माहीत नसतो, आणि कळतो तो नोटीस आल्यावर.

मूळ कायदा १९५८ चा, प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं व अवशेष यांच्याबद्दलचा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं प्रत्येक राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा भाग नियंत्रित ठरवला. पुढं एका समितीच्या शिफारशीवर प्रतिबंधित भागातही बांधकामाच्या परवानग्या दिल्या जाऊ लागल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली त्या पद्धतीला कायद्याचा आधार नाही असं ठरवलं. मग २०१० साली संसदेनं कायद्यातच दुरुस्ती केली. शंभर मीटरची मर्यादा आता अधिसूचनेत नाही, कायद्यात आहे. शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला परवानगी देण्याची मुभाच आता कुणाला नाही. साहेब चांगला भेटला म्हणून काम होईल, अशातला हा प्रकार नव्हे. नियम मोडून बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

यात तीन शब्द फार जपून वाचायला हवेत. बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती. आपण बोलताना तिन्हींची सरमिसळ करतो, कायदा करत नाही. बांधकाम म्हणजे नवी इमारत, आणि जुन्या इमारतीला आडवी किंवा उभी वाढसुद्धा. वर एक खोली काढणं हे बांधकामच. पुनर्बांधणी म्हणजे जुनी इमारत होती तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीची पुन्हा उभी करणं. आणि दुरुस्ती म्हणजे उभ्या असलेल्या इमारतीत केलेले फेरफार. नियंत्रित भागात, म्हणजे शंभर ते तीनशे मीटरच्या पट्ट्यात, या तिन्हींसाठी अर्ज करता येतो. प्रतिबंधित भागात फक्त दुरुस्तीसाठी, तीही इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असेल किंवा नंतर रीतसर परवानगीनं झालेली असेल तरच. सार्वजनिक गटारं, संडास, पाणीपुरवठा आणि विजेची कामं यांना कायदा बांधकाम म्हणत नाही, एवढी त्यातल्या त्यात सोय.

म्हणजे मातीच्या घराची गोची लक्षात घ्या. विटा-सिमेंटच्या घराला तडा गेला तर तो भरता येतो. मातीच्या भिंतीचा पायाच ओलीनं खाल्ला, की ती भिंत उतरवून पुन्हा घालावी लागते. जाणता गवंडी याला दुरुस्ती म्हणतो. कागदावर ती पुनर्बांधणी ठरण्याची भीती असते. गरिबाचं घर आणि कायद्याची व्याख्या यांचं इथं जुळत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

अर्जाचा रस्ता असा. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्यानं पंधरा दिवसांत तो दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा. प्राधिकरणानं स्मारकावर काय परिणाम होईल ते पाहून दोन महिन्यांत शिफारस करायची, आणि त्यानंतर महिनाभरात सक्षम प्राधिकाऱ्यानं हो किंवा नाही सांगायचं. सगळं वेळेत झालं तरी साडेतीन महिने. मार्चमध्ये अर्ज केला तर उत्तर येईपर्यंत पाऊस पडलेला असतो.

आता माझी चूक. मी टेप घेऊन गेलो आणि मंदिराच्या मागच्या भिंतीपासून बहिणीच्या उंबरठ्यापर्यंत अंतर मोजलं. एकशे बारा मीटर भरलं. मी भाच्यांना म्हणालो, "आपण नियंत्रित भागात आहोत. अर्ज करू, मिळेल परवानगी." त्यांनी मामावर विश्वास ठेवला. अर्ज लिहून व्हायच्या आधीच त्यांनी घराचा मागचा अर्धा भाग उतरवून ठेवला, कारण मिस्त्री मोकळा होता आणि तो भाग तसाही झुकला होता. मी अडवलं नाही.

अंतर मंदिराच्या भिंतीपासून मोजायचं नसतंच. ते मोजायचं संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. मंदिराभोवतीचं आवार आणि तिथले जुने दगडी अवशेष त्या हद्दीत येत होते, आणि ती हद्द भिंतीच्या बरीच पुढं, नेमकी आमच्या आळीच्या बाजूला सरकलेली होती. नकाशावर बघितलं तेव्हा आमचं घर शंभराच्या आत. थोडंथोडकं नव्हे, चांगलं चौदा मीटर आत. तीस वर्षं मोजमाप पुस्तकावर सही करणाऱ्या माणसाची ही गोष्ट. उभा भाग दुरुस्त करता आला असता. पाडलेला भाग पुन्हा बांधणं म्हणजे पुनर्बांधणी, आणि तिला तिथं वाव नाही. बहीण मला काही बोलली नाही. फक्त चहा देताना म्हणाली, "दादा, मागची खोली होती तेव्हा सासूबाई तिच्यात निजायच्या." बस, एवढंच.

राग आला की कायदाच मूर्ख आहे असं वाटतं. मलाही वाटलं. पण मग आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं डोळ्यांपुढं येतात. मेहकरच्या शारंगधर बालाजीची ती भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून वर आली. आणि सिंदखेडराजाला, राजे लखुजी जाधवांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना, जून २०२४ मध्ये शेषशायी विष्णूचं शिल्प मिळालं, पायाशी लक्ष्मी आणि मागं समुद्रमंथन कोरलेलं. तिथं आधीच कुणी कॉलमचे खड्डे यंत्रानं घेतले असते तर? जुन्या देवळाच्या आसपास जमिनीखाली काय आहे, हे खणल्याशिवाय कळत नाही, आणि यंत्रानं खणलं की कळायला उशीर झालेला असतो. शिवाय लोणारला सांडपाण्याचा प्रश्न आहे. गाव विवराच्या काठावर वसलेलं. वस्तीतलं पाणी उतारानं सरोवराकडे जातं, आणि हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. चार घरांच्या जागी चार दुमजली घरं म्हणजे चार नवे शोषखड्डेही. गुरुजींना हे सगळं दिसत होतं. मी घराच्या हिशेबात गुंतलो होतो.

तरीही एक प्रश्न उरतोच. शंभर मीटर हाच आकडा का? कंपासनं काढलेलं शंभर मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर जमीन. तीनशे मीटरचं म्हणजे जवळपास सत्तर एकर. देवळाचा चौथरा मोठा असेल तर त्याहून जास्त. एका गावात अशी चार-पाच स्मारकं असली आणि वर्तुळं एकमेकांत शिरली, की गावठाणाचा केवढा भाग त्यांत बसतो ते तुम्हीच काढा. देशभर अशी साडेतीन हजारांवर स्मारकं आहेत. ताजमहालाला जे वर्तुळ, तेच माळावरच्या एकाकी बुरुजाला आणि तेच भर वस्तीतल्या देवळाला. ज्या घरांमधून स्मारक दिसत नाही तीही आत, आणि ज्या माळावर उंच टॉवर उठला तर सगळं रूप बिघडेल, तो तीनशे मीटरच्या बाहेर असेल तर मोकळा.

फ्रान्समध्ये अशीच अडचण होती. तिथं १९४३ च्या कायद्यानं ऐतिहासिक स्मारकाभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ आखलं. त्यात बांधकामाला सरसकट बंदी मात्र नव्हती. सरकारी वास्तुतज्ज्ञाची संमती लागायची. पुढं अनुभवातून त्यांनी वर्तुळाऐवजी त्या त्या ठिकाणाला साजेशी हद्द आखण्याची वाट काढली, आणि २०१६ च्या कायद्यानं ती पक्की केली. म्हणजे रस्ते कसे जातात आणि स्मारक कुठून दिसतं, हे पाहून रेघ ओढायची. इंग्लंडमध्ये १९६७ पासून गावांचे आणि पेठांचे भाग जतनक्षेत्र म्हणून जाहीर होतात. तिथं नवं घर बांधता येतं, पण त्यानं परिसराचं रूप राखलं पाहिजे किंवा सुधारलं पाहिजे. अशा गावांत चार नव्या घरांसाठी दोन-दोन वर्षं भांडणं चालतात म्हणे. चालू देत. भांडण निदान घराच्या उंचीवर आणि छपरावर होतं, घर असावं की नसावं यावर नाही. आपल्याकडेही मुंबईनं १९९५ साली वारशाची नियमावली केली. तिच्यात एकट्या इमारतीबरोबर सबंध परिसराचा विचार आहे, गिरगावातली खोताची वाडी हे त्याचं उदाहरण.

आणि गंमत म्हणजे आपल्या २०१० च्या दुरुस्तीतही ही सोय अर्धीमुर्धी आहे. प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी करावेत, आजूबाजूच्या इमारतींची उंची, दर्शनी भाग, गटारं, रस्ते यांचा विचार त्यात असावा, असं कायदा सांगतो. पण ते काम पुष्कळ स्मारकांचं अजून व्हायचं आहे, आणि झालं तरी शंभर मीटरच्या आतल्या बंदीला ते हात लावू शकत नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेनं या बंदीत सवलत देणारं एक विधेयक मंजूर केलं होतं, ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि कायदा झालं नाही. त्यातही विचार होता तो केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांचा. माझ्या बहिणीच्या मागच्या खोलीचा नव्हे. २०२३ साली मात्र संसदेच्या एका स्थायी समितीनं पुरातत्त्व खात्याच्या कामावरच्या अहवालात लोकांची बाजू मांडली. कुठं कुठं सबंध गाव तीनशे मीटरच्या आत सापडतं, लोकांना घराची, संडासाची साधी दुरुस्तीही जड जाते, म्हणून या मर्यादांचा तर्कसंगत फेरविचार करावा, असं तिनं सुचवलं. तो अहवाल मी छापून गुरुजींना नेऊन दिला. त्यांनी सगळा वाचला आणि म्हणाले, "हे बरोबर हाये. पन रेघ कोन ओढनार? बिल्डर ओढनार असंल तं मले वर्तुळच बरं." याला माझ्याजवळ अजून उत्तर नाही.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. चार घरांचा एकत्र प्रस्ताव सोडून दिला. दोघांनी जुनी घरं तशीच ठेवून दुरुस्तीचे वेगवेगळे अर्ज केले. तिसऱ्याचं घर खरोखरच शंभराच्या बाहेर निघालं, त्याला एकमजली घराची परवानगी मिळाली. यावेळी मोजणी हद्दीपासून केली, आणि मी नाही, भूमापकानं केली. बहिणीच्या उभ्या राहिलेल्या पुढच्या भागाच्या दुरुस्तीला होकार आला. उंची वाढवायची नाही, बाहेरच्या बाजूनं भडक रंग नको, खणताना काही सापडलं तर काम थांबवून कळवायचं, अशा अटी. धाकटा भाचा भाड्याच्या खोलीत गेला. थोरल्यानं मेहकर रस्त्याला लहानसा प्लॉट घेतला आहे, आणि यादीतलं नाव त्या जागेवर घेता येईल का, म्हणून अर्ज दिला आहे.

उन्हाळ्यात आम्ही पुढच्या खोलीच्या धाब्यावरची माती उतरवली. आळीत ट्रॅक्टर येत नाही, म्हणून घमेल्यांनी. पांढरी माती म्हणजे जुन्या गावठाणाचीच माती, कुणी शंभर वर्षांपूर्वी गावाच्या पांढरीतून खणून वर नेऊन टाकलेली. तिच्यात खापराचे तुकडे निघाले, आणि निळ्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा. भाचा म्हणाला, "मामा, हे बी जुनं असंल काय? कळवा लागते का?" मी म्हटलं, गुरुजींना दाखव. बहिणीनं तोवर तो तुकडा धुऊन देवळीत ठेवला होता. आता किलचनावर नवा पाला पसरला आहे, वर मातीचा एकच पातळ थर, आणि पावसाळ्यापूर्वी नवी टाकण्याआधी जुनी काढायची, असं खडूनं दारामागं लिहून ठेवलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)